प्रोस्टेट कॅन्सरवरील हॉर्मोन उपचार : जाणवणारे आणि न जाणवणारे दुष्परिणाम

प्रोस्टेट कॅन्सरसाठी हॉर्मोन उपचार घेत असलेला पुरुष तपासणीला येतो, तेव्हा त्याच्या तक्रारी बहुतेक ठरलेल्या असतात : अंगातून अचानक गरम वाफा येतात, थकवा हटत नाही, पोट सुटू लागले आहे. लैंगिक इच्छा उरलेली नाही, हे तो सहसा विचारल्याशिवाय सांगत नाही. या तक्रारी खऱ्या आहेत आणि त्यांपैकी बऱ्याच कमी करता येतात. परंतु त्याच महिन्यांत त्याच्या हाडांची घनता घटत असते, रक्तातली साखर आणि कोलेस्टेरॉल हळूहळू वर सरकत असते, आणि यातले काहीही त्याला जाणवत नाही. हॉर्मोन उपचारांसोबत जगण्यातली खरी गोम इथे आहे. जो त्रास दिवसरात्र छळतो, तो बहुधा जिवावर बेतणारा नसतो. ज्यापासून धोका असतो, तो मुद्दाम मोजल्याशिवाय कळत नाही. म्हणून पहिले इंजेक्शन घेण्यापूर्वीच काही गोष्टी मोजून, नोंदवून ठेवणे हा या उपचाराचाच भाग समजला पाहिजे, आणि व्यवहारात नेमका तोच भाग वरचेवर राहून जातो.

उपचार शरीरात काय करतो

प्रोस्टेटच्या पेशी, निरोगी असोत वा कर्करोगाच्या, वाढीसाठी टेस्टोस्टेरॉन या पुरुषी हॉर्मोनवर अवलंबून असतात. वृषणे काढून टाकली किंवा इस्ट्रोजेन दिले, तर पसरलेला प्रोस्टेट कॅन्सर आटोक्यात येतो, हे चार्ल्स हगिन्स आणि क्लॅरेन्स हॉजेस यांनी १९४१ मध्ये दाखवून दिले आणि या संशोधनासाठी हगिन्स यांना १९६६ चे नोबेल पारितोषिक मिळाले. आजचे उपचार पुष्कळ बदललेले असले, तरी मूळ तत्त्व तेच आहे : टेस्टोस्टेरॉन बंद करायचे, किंवा ते तयार झाले तरी कॅन्सरच्या पेशीपर्यंत त्याचा परिणाम पोहोचू द्यायचा नाही.

शरीरातले ९० टक्क्यांहून अधिक टेस्टोस्टेरॉन वृषणांत तयार होते. उरलेला थोडा वाटा मूत्रपिंडांवर असलेल्या अधिवृक्क ग्रंथींच्या स्रावांतून येतो. वृषणांना कामाला लावण्याचा आदेश मेंदूच्या तळाशी असलेली पिट्यूटरी ग्रंथी देते आणि पिट्यूटरीला तो मेंदूच्याच दुसऱ्या भागातून, ठरावीक अंतराने, थांबून थांबून येणाऱ्या एलएचआरएच या रासायनिक संदेशामुळे मिळतो. ल्युप्रोलाइड, गोसेरेलिन, ट्रिप्टोरेलिन ही इंजेक्शने याच संदेशाची नक्कल करतात, मात्र अखंडपणे. दारावरची कडी सतत वाजत राहिली की आधी धावून येणारी घरातली माणसेही काही वेळाने उठेनाशी होतात, तसेच पिट्यूटरीचे होते. पहिला आठवडा-दोन आठवडे टेस्टोस्टेरॉन उलट वाढते आणि मग साधारण तीन-चार आठवड्यांत ते तळाला जाते. मणक्यात कॅन्सर पसरलेला असेल, तर सुरुवातीची ही उसळी वेदना वाढवू शकते, क्वचित मज्जारज्जूवर दाबही आणू शकते. म्हणून टेस्टोस्टेरॉनचा परिणाम कॅन्सरच्या पेशीपर्यंत पोहोचू न देणाऱ्या बायकॅल्युटामाइडसारख्या गोळ्या पहिल्या काही आठवड्यांसाठी जोडीला देतात. डेगारेलिक्सचे इंजेक्शन आणि रेलुगोलिक्सची रोजची गोळी पिट्यूटरीचा मार्ग थेट अडवतात, त्यामुळे त्यांच्यात ही उसळी नसते.

प्रौढ पुरुषाच्या रक्तात टेस्टोस्टेरॉनचे प्रमाण साधारणपणे ३०० ते १,००० नॅनोग्रॅम प्रति डेसीलिटर असते. उपचार लागू पडल्यावर ते ५० च्या खाली, अनेकदा २० च्याही खाली जाते. शस्त्रक्रिया करून वृषणे काढली तरी परिणाम तोच होतो, फक्त काही तासांत होतो आणि कायमचा असतो. पुढे ज्या तक्रारींचा विचार करायचा आहे, त्यांतल्या बहुतेक कोणा एका औषधाच्या विषारीपणामुळे होत नाहीत; टेस्टोस्टेरॉन नसण्याचे ते परिणाम आहेत. त्यामुळे एका कंपनीचे इंजेक्शन बदलून त्याच जातीचे दुसरे घेतल्याने त्या जातील, ही अपेक्षा सहसा फोल ठरते.

उपचार किती काळ चालणार, यावर पुष्कळ काही अवलंबून असते. मध्यम धोक्याच्या कॅन्सरमध्ये रेडिएशनच्या जोडीला तो बहुधा चार ते सहा महिने देतात, जास्त धोक्याच्या कॅन्सरमध्ये दीड ते तीन वर्षे, आणि शरीरात इतरत्र पसरलेल्या कॅन्सरमध्ये प्रायः आयुष्यभर. सहा महिन्यांच्या रुग्णाला हाडांची जी काळजी थोडक्यात आटोपता येते, ती आजन्म उपचार घेणाऱ्याला टाळता येत नाही. म्हणून डॉक्टरांना विचारायचा पहिला प्रश्न कालावधीचा असावा.

गरम वाफा

या उपचारात सुमारे ८० टक्क्यांपर्यंत पुरुषांना गरम वाफांचा त्रास होतो. छातीपाशी किंवा मानेपाशी ऊब सुरू होते, ती चेहऱ्यावर चढते, कान तापतात, काही क्षणांत कपाळावर आणि पाठीवर घाम फुटतो. दोन-चार मिनिटांत सगळे ओसरते आणि मग घामेजलेल्या अंगाला हुडहुडी भरते. दिवसा हे चारचौघांत ओशाळवाणे वाटते, पण खरे नुकसान रात्री होते. ओल्या झालेल्या अंथरुणात दोन-तीनदा जाग आली की दुसऱ्या दिवशीचा थकवा, चिडचिड आणि विसराळूपणा यांचा मोठा वाटा त्या मोडलेल्या झोपेचा असतो.

मेंदूत शरीराचे तापमान सांभाळणारे एक केंद्र असते आणि तापमानातले किरकोळ चढउतार ते एरवी चालवून घेते. लैंगिक हॉर्मोन एकाएकी कमी झाले की त्याची ही सहनशीलता आक्रसते. अंग जरासे तापले तरी रक्तवाहिन्या रुंदावतात, घाम सुटतो. स्त्रियांना रजोनिवृत्तीत होणारा त्रास हाच आहे. ज्या घरात पत्नी त्यातून गेलेली असते, तिथे पतीला समजून घ्यायला फारसे काही सांगावे लागत नाही, आणि कित्येकदा डॉक्टरांपेक्षा उपयोगी सल्ला तिच्याकडूनच मिळतो.

दोन आठवडे नोंद ठेवली की आपल्या वाफा कशाने सुरू होतात, ते बहुतेकांच्या ध्यानात येते : कडक गरम पेय, मद्य, तिखट जेवण, कोंदट खोली, मनावरचा ताण. कारण सापडले तर तेवढे टाळावे. सगळेच टाळत बसण्याची गरज नाही. एका जाड कपड्याऐवजी सुती कपड्यांचे दोन पातळ थर, रात्री पंखा किंवा गार हवा, उशाशी सुका सदरा एवढ्यावर अनेकांचे भागते. मन आणि विचारांवर काम करणारी वर्तनोपचार पद्धतही उपयोगी पडते; तिने वाफांची संख्या फारशी घटली नाही, तरी त्यांचा जाच कमी होतो.

झोप मोडत असेल किंवा कामात व्यत्यय येत असेल, तर औषध मागायला संकोच करू नये. मेड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉनची २० मिलिग्रॅमची गोळी रोज, सुरुवातीला दहा आठवडे देऊन पाहणे ही रूढ पद्धत आहे. सायप्रोटेरोनही परिणामकारक आहे, पण त्याने यकृतावर परिणाम होऊ शकतो आणि ते मोठ्या मात्रेत वर्षानुवर्षे घेतल्यास मेंदूच्या आवरणातल्या मेनिन्जिओमा या गाठींचा धोका वाढतो. व्हेनलाफॅक्सिन हे मुळात नैराश्यावरचे औषध छोट्या मात्रेत वाफांवर काही प्रमाणात चालते, आणि उदासी जोडीला असेल तर एका औषधात दोन कामे होतात. गॅबापेन्टिन आणि ऑक्सिब्युटिनिन हेही पर्याय आहेत. मात्र ऑक्सिब्युटिनिनने वयस्कर माणसाला तोंडाची कोरड, बद्धकोष्ठता, लघवी तुंबणे आणि क्वचित गोंधळल्यासारखे होणे असा त्रास होऊ शकतो. वनस्पतिजन्य गोळ्यांचा बोलबाला मोठा आहे, पुरावा मात्र तोकडा. शिवाय त्यांतल्या काही कॅन्सरच्या औषधांशी मिसळत नाहीत, तेव्हा डॉक्टरांना न सांगता त्या घेऊ नयेत.

थकवा आणि घटणारे स्नायू

या उपचारातला थकवा विश्रांतीने जात नाही, हेच त्याचे लक्षण. त्याच्यामागे बहुधा एकाहून अधिक कारणे असतात. टेस्टोस्टेरॉन अस्थिमज्जेला लाल रक्तपेशी तयार करायला प्रवृत्त करते. ते गेले की हिमोग्लोबिन साधारण एखाद्या ग्रॅमने, कधी त्याहून जास्त उतरते. हा रक्तक्षय लोहाच्या कमतरतेमुळे झालेला नसतो, त्यामुळे तपासणीत लोह कमी आढळल्याखेरीज लोहाच्या गोळ्यांनी तो भरून येत नाही. तरीही घरोघरी पहिला उपाय त्याच गोळ्यांचा होतो, आणि पदरात पडते ती फक्त बद्धकोष्ठता.

दुसरे कारण स्नायूंचे. एका बारकाईने केलेल्या अभ्यासात, उपचाराच्या ४८ आठवड्यांत पुरुषांचे वजन सरासरी २.४ टक्क्यांनी वाढले. पण त्या आकड्याच्या आत चरबी ९.४ टक्क्यांनी वाढलेली होती आणि स्नायूंसह चरबीविरहित वजन २.७ टक्क्यांनी घटलेले होते. वजनकाट्यावर दिसणारा फरक किरकोळ, शरीराच्या घडणीतला मोठा. म्हणून काट्यापेक्षा कमरेला लावलेली टेप जास्त खरे सांगते. आणखी एक साधी चाचणी घरी करता येते : हात छातीशी घेऊन, हातांचा आधार न घेता, साध्या खुर्चीतून अर्ध्या मिनिटात किती वेळा उठता-बसता येते ते मोजावे. उपचाराच्या सुरुवातीचा आकडा लिहून ठेवला आणि दर महिन्याला तो पडताळला, तर मांड्यांचे बळ कमी होत असल्याचे जिना चढताना धाप लागण्याच्या खूप आधी लक्षात येते.

थकव्यावर आजवर सर्वांत भक्कम पुरावा व्यायामाचा आहे. ‘आधीच गळून गेलेल्या माणसाने व्यायाम कुठून करायचा’ हा आक्षेप समजण्यासारखा आहे, पण इथे व्यायामच शक्ती देतो. ऑस्ट्रेलियातील डॅनिएल गॅल्व्हाओ आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात हा उपचार घेणाऱ्या पुरुषांना वजनांचे व्यायाम आणि दमश्वासाचे व्यायाम एकत्र दिले. बारा आठवड्यांत त्यांचे स्नायू आणि ताकद वाढली, थकवा कमी झाला. टेस्टोस्टेरॉन नसतानाही स्नायू वाढवता येतात, हे त्यातले खरे महत्त्वाचे.

नुसते चालणे मात्र पुरत नाही. चालण्याने हृदयाचे आणि मनाचे भले होते. पण स्नायू टिकवायचे तर त्यांना वजन, रबरी पट्टा किंवा स्वतःच्या शरीराचा भार पेलायला लावावा लागतो. आठवड्यातून दोन-तीन दिवस, एकेका व्यायामाची आठ ते बारा आवर्तने, त्यांतली शेवटची दोन जड जातील इतक्या भाराने, आणि शिवाय आठवड्याला एकूण दीडशे मिनिटे दम लागेल असे चालणे किंवा सायकल, असा साधारण हिशेब आहे. हाडांत कॅन्सर पसरलेला असेल तर कोणत्या हाडावर भार द्यायचा नाही, हे स्कॅन पाहिलेल्या फिजिओथेरपिस्टकडून आधी ठरवून घ्यावे. तेवढ्यासाठी व्यायाम सोडून देण्याचे कारण नाही.

साखर, चरबी, हृदय

टेस्टोस्टेरॉन गेल्यावर शरीर इन्सुलिनला नीट दाद देईनासे होते आणि पोटाभोवती चरबी साठते. मधुमेह नसलेल्याला तो होऊ शकतो, आणि असलेल्याची साखर त्याच औषधांवर बिघडू शकते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१० मध्ये या जातीच्या इंजेक्शनांच्या माहितीपत्रकात मधुमेह, हृदयविकार आणि पक्षाघाताच्या धोक्याची सूचना घालायला लावली. वयोवृद्ध पुरुषांत प्रोस्टेट कॅन्सर अनेकदा इतका संथ असतो, की त्यांच्या मृत्यूचे कारण कॅन्सरऐवजी हृदयविकार ठरतो. ही बाब ध्यानात घेतली, तर कॅन्सरच्या डॉक्टरांनी रक्तदाब विचारणे ही निव्वळ औपचारिकता वाटणार नाही.

आधी हृदयविकाराचा झटका आलेल्या रुग्णाने औषधाच्या निवडीबद्दल विचारणा करावी. रेलुगोलिक्स आणि ल्युप्रोलाइड यांची तुलना करणाऱ्या, २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या हीरो या चाचणीत ४८ आठवड्यांत गंभीर हृदयविकार किंवा पक्षाघात यांसारख्या घटना पहिल्या गटात २.९ टक्के, तर दुसऱ्यात ६.२ टक्के पुरुषांत घडल्या. उलट, डेगारेलिक्स आणि ल्युप्रोलाइड यांची खास हृदयाच्या दृष्टीने तुलना करणारी प्रोनाउन्स ही चाचणी मुदतीआधीच थांबवावी लागली आणि २०२१ मध्ये जाहीर झालेल्या तिच्या निकालात फरक दिसला नाही. तेव्हा एका जातीची औषधे हृदयासाठी निःसंशय सुरक्षित आहेत, असे म्हणता येत नाही. पण मुद्दा चर्चेला नक्की घेण्याजोगा आहे.

उपचारापूर्वी रक्तदाब, उपाशीपोटीची साखर, तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी एचबीएवनसी आणि कोलेस्टेरॉलची तपासणी करून घ्यावी, तीन ते सहा महिन्यांनी ती पुन्हा करावी आणि पुढे निदान वर्षातून एकदा. धूम्रपान सोडणे याच यादीत येते आणि त्याचा फायदा कोणत्याही गोळीपेक्षा मोठा आहे. हे उपचार ईसीजीतले क्यूटी नावाचे अंतरही लांबवू शकतात. काही प्रतिजैविके, हृदयाच्या ठोक्यांवरची औषधे आणि मनोविकारांवरची औषधेही तेच करतात, म्हणून नवे औषध सुरू करताना हॉर्मोनच्या इंजेक्शनाचा उल्लेख आवर्जून करावा. महिन्यातून किंवा तीन महिन्यांतून एकदाच घेतलेले इंजेक्शन ‘चालू औषधे कोणती’ या प्रश्नाचे उत्तर देताना माणूस हमखास विसरतो.

हाडे

हाडांच्या ठिसूळतेला स्त्रियांचा आजार समजण्याची सवय इतकी मुरलेली आहे, की पुरुषांच्या बाबतीत ती तपासायचे सुचतही नाही. पुरुषाच्या शरीरात टेस्टोस्टेरॉनचा काही भाग इस्ट्रोजेनमध्ये बदलतो आणि हाडांचे रक्षण मुख्यतः हेच इस्ट्रोजेन करते. मूळ हॉर्मोनच बंद झाले की दोन्ही आधार एकदम जातात. हाड मोडून काढणाऱ्या पेशींचे काम वेगात चालते, हाड बांधणाऱ्या पेशी मागे पडतात आणि घनता घटू लागते. ही घट पहिल्या वर्षी सर्वांत वेगाने होते. दुखत मात्र काहीच नाही. पहिले लक्षण बऱ्याचदा थेट फ्रॅक्चर असते : घसरून हातावर पडल्याने मोडलेले मनगट, किंवा जड काही न उचलताच दबलेला मणका.

म्हणून दीर्घकालीन उपचार सुरू होतानाच डेक्सा स्कॅन करावा. दहा-पंधरा मिनिटे झोपून करायची ही तपासणी अत्यल्प किरणोत्सर्गात खुब्याच्या आणि कण्याच्या हाडांची घनता मोजते. तिच्या अहवालातला टी-स्कोअर, म्हणजे निरोगी तरुण माणसाच्या हाडांशी केलेल्या तुलनेचा आकडा, उणे २.५ किंवा त्याखाली असला तर त्याला ऑस्टिओपोरोसिस (हाडांची ठिसूळता) म्हणतात. उणे १ ते उणे २.५ ही मधली पायरी. पुढे दर एक-दोन वर्षांनी स्कॅन पुन्हा केला की घसरण किती वेगाने होत आहे ते कळते. उंची दोन-तीन सेंटिमीटरने कमी भरली, तर मणका न दुखताच दबलेला असू शकतो.

आहार आणि गोळ्या मिळून दिवसाला १,००० ते १,२०० मिलिग्रॅम कॅल्शियम पुरते. आहारातून ते मिळत असेल तर वरून गोळ्यांचा मारा केल्याने हाडे अधिक मजबूत होत नाहीत, मुतखड्याचा धोका मात्र वाढतो. ड जीवनसत्त्वाची पातळी तपासून कमतरता भरून काढावी. स्नायूंसाठी सांगितलेले वजनांचे व्यायाम हाडांनाही लागू पडतात आणि तोल सुधारून पडणे टाळतात.

धोका जास्त असेल तर औषधे आहेत : आठवड्याला एकदा घ्यायची अ‍ॅलेंड्रोनेटची गोळी, शिरेतून दिले जाणारे झोलेड्रॉनिक अ‍ॅसिड, किंवा दर सहा महिन्यांनी त्वचेखाली दिले जाणारे डेनोसुमॅबचे ६० मिलिग्रॅमचे इंजेक्शन. हॉर्मोन उपचार घेणाऱ्या पुरुषांवरच झालेल्या डेनोसुमॅबच्या चाचणीत तीन वर्षांत मणक्याचे नवे फ्रॅक्चर झालेल्यांचे प्रमाण ३.९ टक्क्यांवरून १.५ टक्क्यांवर आले. हीच औषधे हाडांत पसरलेल्या कॅन्सरसाठी बऱ्याच मोठ्या मात्रेत, अधिक वेळा देतात. त्यामुळे आपल्याला ती नेमकी कशासाठी दिली जात आहेत, हे रुग्णाला माहीत असावे. सुरू करण्यापूर्वी दंतवैद्याकडून किडलेले दात काढून घ्यावेत, कारण औषध चालू असताना दात काढल्यास जबड्याचे हाड न भरून येण्याची क्वचित, पण त्रासदायक गुंतागुंत होते. आणि डेनोसुमॅब मध्येच परस्पर सोडू नये : ते बंद होताच हाडांची झीज उसळी घेते आणि एकाच वेळी अनेक मणके मोडल्याची उदाहरणे आहेत, म्हणून ते थांबवताना सहसा दुसरे औषध जोडतात.

नव्याने उद्भवलेली, रात्री झोपल्यावर वाढणारी पाठदुखी, पायांत अशक्तपणा किंवा बधिरपणा, लघवी-शौचावरचे नियंत्रण जाणे यांपैकी काही झाले तर पुढच्या तारखेची वाट पाहू नये. मज्जारज्जूवर दाब आल्याची ती लक्षणे असू शकतात आणि त्यात तासांना किंमत असते.

सहजीवन आणि शरीरातले बदल

इच्छा कमी होणे आणि ताठरता न येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि हा उपचार दोन्हींवर आघात करतो. सिल्डेनाफिलसारख्या गोळ्या रक्तपुरवठा वाढवतात, इच्छा निर्माण करत नाहीत. म्हणून ‘गोळी घेऊनही काही झाले नाही’ ही निराशा सर्रास आढळते. छातीदुखीसाठी नायट्रेट घेणाऱ्याने तर या गोळ्यांना हातही लावू नये. व्हॅक्यूम उपकरण किंवा शिश्नात द्यायचे अल्प्रोस्टाडिलचे इंजेक्शन इच्छेवर अवलंबून नसते. वृषणांचा आणि शिश्नाचा आकार कमी होतो, अंगावरचे केस विरळ होतात. हे आधी सांगितलेले असेल तर धक्का बसत नाही. मूल हवे असण्याची शक्यता असेल, तर उपचारापूर्वी वीर्य गोठवून ठेवावे.

सर्वांत मोठे नुकसान बहुधा बोलणे थांबल्याने होते. संबंध जमत नाही म्हणून पती जवळ बसणे, हात धरणेही टाळू लागतो आणि पत्नीला वाटते की त्याचे मन आपल्यावरून उडाले. इच्छा रसायनामुळे गेली आहे, प्रेम आटल्यामुळे नाही, हे दोघांसमोर डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले तर पुष्कळ गैरसमज टळतात. त्यासाठी तपासणीला दोघांनी मिळून जावे.

स्तन वाढणे आणि स्तनाग्रे दुखणे हा त्रास इंजेक्शनांपेक्षा बायकॅल्युटामाइड एकटेच मोठ्या मात्रेत घेणाऱ्यांना फार होतो. यावर टॅमॉक्सिफेन किंवा उपचारापूर्वी छातीवर रेडिएशनचा छोटा डोस उपयोगी पडतो. वाढ वर्षभर तशीच राहून घट्ट झाली, की शस्त्रक्रियेखेरीज ती जात नाही. तेव्हा लाज सोडून लवकर सांगावे.

मन

जन्मात न रडलेला माणूस बातम्या पाहताना डोळे पुसतो, किंवा क्षुल्लक कारणाने घरच्यांवर ओरडतो. हे दुबळेपण नव्हे. नैराश्याचा धोका या उपचारात वाढतो, आणि झोप मोडल्याने तो आणखी बळावतो. स्मरणशक्तीवरील परिणामांबाबत अभ्यासांचे निष्कर्ष जुळत नाहीत, पण शब्द पटकन न आठवणे, एका वेळी दोन कामे न झेपणे असे अनेकजण सांगतात. यादी करणे, औषधांची वेळ मोबाइलवर लावणे यांनी दैनंदिन काम चालते. दोन आठवड्यांहून अधिक काळ कशातच रस वाटत नसेल तर त्यावर उपचार मागावेत, आणि जगणे नको असे विचार येत असतील तर त्याच दिवशी डॉक्टरांना आणि घरच्यांना सांगावे.

नव्या गोळ्यांचे वेगळे त्रास

पसरलेल्या कॅन्सरमध्ये आता इंजेक्शनासोबत आणखी एक गोळी बहुतेक वेळा देतात, आणि तिचे स्वतःचे दुष्परिणाम असतात. अबिराटेरोनमुळे रक्तदाब वाढणे, पोटॅशियम कमी होणे, पायांवर सूज आणि यकृतावर परिणाम संभवतो. ते रिकाम्या पोटी घ्यायचे असते, कारण अन्नासोबत ते रक्तात कितीतरी जास्त उतरते. त्याच्या जोडीला दिले जाणारे प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड एकदम बंद करणे धोक्याचे आहे. एन्झालुटामाइडने थकवा आणि पडण्याचा धोका वाढतो, क्वचित फिट येते. आपालुटामाइडने अंगावर पुरळ उठते आणि थायरॉइड मंदावू शकतो. डारोलुटामाइड मेंदूत कमी शिरते, त्यामुळे फिट येण्यासारखे मेंदूशी निगडित त्रास त्याने कमी होण्याची अपेक्षा असते.

उपचाराला विश्रांती आणि शेवट

दुष्परिणाम फार झाले तर इंजेक्शन थांबवता येईल का, हा प्रश्न रास्त आहे. रेडिएशननंतर फक्त पीएसए (प्रोस्टेटच्या पेशींतून रक्तात येणारे, कॅन्सरचा माग ठेवण्यासाठी मोजले जाणारे प्रथिन) वाढलेल्या पुरुषांवर झालेल्या आणि २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत, मधूनमधून विश्रांती देऊन उपचार घेणाऱ्यांच्या जगण्याचा मध्यक ८.८ वर्षे आणि सलग घेणाऱ्यांचा ९.१ वर्षे होता, म्हणजे निम्मे रुग्ण त्याहून जास्त जगले. विश्रांतीची पद्धत कमी प्रतीची ठरली नाही, आणि त्या काळात वाफा, इच्छा यांबाबत आराम मिळाला. इतरत्र पसरलेल्या कॅन्सरमध्ये मात्र अशी खात्री २०१३ च्या चाचणीत देता आली नाही. म्हणून विश्रांती कोणाला चालेल हे कॅन्सरच्या अवस्थेवर ठरते, आणि इंजेक्शनची तारीख आपण होऊन टाळणे म्हणजे विश्रांती नव्हे.

ठरलेला काळ संपल्यावर टेस्टोस्टेरॉन लगेच परतत नाही. तीन महिन्यांच्या शेवटच्या इंजेक्शनचा प्रभाव ओसरल्यानंतरही त्याला कित्येक महिने, कधी वर्षाहून अधिक काळ लागतो. वय जास्त असेल आणि उपचार दोन-तीन वर्षे चालला असेल, तर ते पूर्वपदावर येतच नाही, असेही घडते. रेलुगोलिक्सनंतर ते तुलनेने लवकर परतते. या काळात पीएसएसोबत टेस्टोस्टेरॉनही तपासावे, कारण टेस्टोस्टेरॉन अजून तळालाच असताना आलेला कमी पीएसए म्हणजे कॅन्सर गेल्याचा पुरावा नसतो, आणि टेस्टोस्टेरॉन परतत असताना पीएसए किंचित वर गेला तर तेवढ्यावरून कॅन्सर उलटला असेही म्हणता येत नाही.